चारची खूण

“चारच्या घरात दोन-दोन खुणा. औषध दोनदा दिलं की एकदाही नाही, हे आता मी कुणाला विचारू?”

सिस्टर मास्कच्या आतून पुटपुटली. स्वतःशीच. पण बेबीताई तिच्या खांद्याशी उभी होती, तिला शब्द न् शब्द ऐकू गेला.

इथून सगळं सुरू झालं.

बेबीताई माझी मावसबहीण. वय बावन्न, तरी बेबीच. ही गोष्ट तिच्या घरात घडलेली आहे आणि खरी आहे. तिनं शपथ वगैरे काही घेतली नाही. नुसतं सांगितलं, आणि सांगता सांगता तीनदा उठून फ्रीजचं दार नीट लागलंय का ते बघून आली. मला तेवढं पुरलं.

गेल्या वर्षीचा फेब्रुवारी. तिसऱ्या मजल्यावरचं तीन खोल्यांचं घर. वेळ दुपारी साडेतीनच्या आसपास. भुतं रात्री बारालाच निघतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे लक्षात ठेवावं. रात्री बाराला त्या घरात सगळे जागेच असायचे.

बाराला डोस असायचा ना.

अण्णा म्हणजे बेबीताईचे सासरे. त्यांच्या पायाच्या हाडात जंतू शिरले होते. सहा आठवडे शिरेतून औषध, दर आठ तासांनी. एवढे दिवस इस्पितळात कोण ठेवून घेणार? तिथे दंडात एक बारीक नळी बसवून दिली आणि घरी पाठवलं. नळी उजव्या दंडात, कारण अण्णा डावखुरे. जेवायचा हात मोकळा हवा.

सकाळी आठचा डोस सिस्टर येऊन द्यायची. दुपारी चारचा बेबीताई. रात्री बाराचा भावजी, म्हणजे बेबीताईचे यजमान. सिस्टरनं दोघांनाही शिकवून तयार केलं होतं. हात धुवा. नळीचं तोंड स्पिरिटनं पंधरा सेकंद घासा, आणि पंधरा म्हणजे पंधरा, लपाछपीतले नाहीत. आधी सलाईनची पिचकारी, मग औषधाची बाटली, मग परत पिचकारी. बाटल्या फ्रीजमध्ये. डोसच्या अर्धा तास आधी एक बाहेर काढून ठेवायची, म्हणजे गारठा जातो.

आणि फ्रीजवर तक्ता. आठ, चार, बारा. ज्यानं औषध दिलं त्यानं आपल्या घरात खूण करायची, शेजारी वेळ आणि आपलं अक्षर लिहायचं.

“जास्त झालं तर किडनी, कमी झालं तर पाय,” सिस्टरनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. “गुडघ्याखालून जाईल. घाबरवत नाही, सांगून ठेवते.”

आता तीच सिस्टर तक्त्यावर बोट ठेवून उभी होती.

“ताई, ही एक खूण तुमची. वेळ आहे, अक्षर आहे. ही दुसरी कुणाची?”

दुसऱ्या खुणेला ना वेळ होती, ना अक्षर. आणि ती उलटी होती. आपण खूण करतो तेव्हा लांब रेघ उजवीकडे वर जाते. ही डावीकडे गेली होती.

“मी करायला गेले तेव्हा ती होतीच,” बेबीताई म्हणाली. “मला वाटलं ह्यांनी रात्री झोपेत चुकीच्या घरात केली.”

सिस्टरनं बाटल्या मोजल्या. बरोबर होत्या. म्हणजे औषध एकदाच गेलं होतं.

“उद्या परत असं दिसलं तर मला वर कळवावं लागेल,” ती हातमोजे काढत म्हणाली. “मग घरचं औषध बंद. परत भरती.”

त्या दुपारी बेबीताईनं दोन वाजता तक्ता बघितला. चारचं घर रिकामं. तीनला बघितला. रिकामं.

ती बाहेरच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत बसली.

त्यांचा फ्रीज जुना. उघडताना दाराचं रबर सुटतं तेव्हा पच्च असा आवाज येतो. बंद होताना धप्प. घरातल्या माणसाला हे आवाज कळतात. कुणी चोरून गोड खाल्लं तरी कळतं.

साडेतीनला पाच कमी असतील.

पच्च...

बेबीताईचा हात थांबला. घरात ती आणि अण्णा. भावजी कामावर.

ती धप्पची वाट बघत राहिली.

धप्प आलंच नाही.

ती स्वयंपाकघरात गेली. फ्रीजचं दार बंद होतं. उघडून बघितलं. बाटल्या रांगेत, गार, एकही हललेली नाही. तिनं दार लावलं आणि तक्त्याकडे पाहिलं.

चारच्या घरात... खूण.

उलटी.

तिनं बोट लावलं. शाई बोटाला आली.

कुणालाही पहिल्यांदा जे वाटेल तेच तिला वाटलं. अण्णा डावखुरे. अण्णांनीच केली. पण अण्णांच्या पायात डॉक्टरांनी दिलेला जाड बूट होता. पाय जमिनीला टेकवायचा नाही अशी सक्त ताकीद. उठायचं तर आधी बुटाच्या पट्ट्या सोडून परत घट्ट कराव्या लागायच्या, आणि त्या पट्ट्या सुटताना असा चर्रर्र आवाज व्हायचा की शेजारच्यांना वाटावं घरात सतरंजी फाडतायत.

चर्रर्र झालं नव्हतं.

तरी ती आतल्या खोलीत गेली. अण्णा भिंतीकडे तोंड करून पडले होते.

“अण्णा, उठला होतात?”

“मी कशाला उठू?”

“चारचं औषध लावायचंय.”

“झालं माझं. आत्ताच लावून गेली की.”

“कोण?”

अण्णांनी पांघरूण ओढून घेतलं. सलाईनचं स्टँड कॉटच्या उशाशी होतं. रिकामं. वरच्या आकड्यांना काही टांगलेलं नाही. पण ते जरासं... डुलत होतं.

बेबीताईनं औषध दिलंच. पंधरा सेकंद मोजून घासलं. “एकदा झालंय, दोनदा कशाला,” अण्णा कुरकुरत राहिले. तिनं ऐकलं नाही. बाटली फ्रीजमधून तिनं स्वतः काढली होती, सीलसकट. वेगळी खूण मात्र केली नाही; सिस्टरला परत दोन दिसायला नकोत म्हणून त्या उलट्या खुणेशेजारीच वेळ आणि आपलं अक्षर लिहिलं.

रात्री बाराच्या डोसला तिनं भावजींना सांगितलं. ते थेंब मोजत होते. मान वर न करता म्हणाले, “नीट बघत जा. परत तसं नको.”

“परत म्हणजे?”

“काही नाही.”

“परत म्हणजे काय हो?”

“काही नाही म्हटलं ना. मोजायला चुकलो बघ.”

आता हे ‘परत’ काय, ते सांगायला हवं. त्या घरात ते कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते.

दोन वर्षांपूर्वी त्याच खोलीत, त्याच कॉटवर सासूबाई होत्या. त्यांनाही घरीच शिरेतून औषध चालू होतं. स्टँडही हेच. माळ्यावर टाकलं होतं, अण्णांसाठी पुसून परत काढलं. तेव्हाही चारचा डोस बेबीताईचाच. एक दिवस ती दात दाखवायला गेली. यायला सव्वाचार झाले. तक्त्यावर चारच्या घरात खूण होती. त्या दिवशी भावजी घरी होते. तिला वाटलं, ह्यांनी दिला.

पहाटे सासूबाई गेल्या.

उरलेल्या बाटल्या परत करताना भावजींनी मोजल्या. एक जास्त निघाली. परत मोजल्या. परत एक जास्त. त्यांनी बेबीताईकडे बघितलं. बेबीताईनं त्यांच्याकडे.

ते मनात म्हणाले, हिनं न देताच खूण केली. ती मनात म्हणाली, ह्यांनी केली. तोंडानं कुणीच काही नाही. दोन वर्षं दोघं ताटाशेजारी ताट मांडून जेवली आणि मनात ती एक बाटली ठेवून उठली.

एका डोसनं माणूस जात नाही, असं डॉक्टर म्हणाले असते. कुणी विचारलं असतं तर.

तर आता बेबीताईच्या डोक्यात संशय शिरला. खुणा भावजीच करतात. कशा, ते तिला सांगता येईना. पण तिला चुकीत पकडायचं, मग एकदाचं ते जुनं तोंडावर फेकायचं, हा त्यांचा डाव. शाई ओली कशी, पच्च कुठून आलं, हे प्रश्न तिनं बाजूला ठेवले. नवऱ्यावर संशय घेणं सोपं असतं. सवयीचं असतं.

दुसऱ्या दिवशी सिस्टर गेल्यावर तिनं तक्ता फ्रीजवरून काढला. घडी घालून पर्समध्ये ठेवला. पर्स खांद्याला. स्वयंपाक करतानासुद्धा.

त्या दुपारी अण्णांच्या रक्ताचा रिपोर्ट आणायचा होता. जंतू कमी झाले की नाही ते त्यात कळणार. पाय राहणार की जाणार, तेही. भावजींनी अर्धा दिवस सुट्टी घेतली.

“चारचा डोस तुम्ही द्या,” ती दारातून म्हणाली. “साडेतीनला बाटली बाहेर काढा.”

“माहितीये. जा तू.”

लॅबमध्ये गर्दी होती. समोर घड्याळ. तीन चाळीस. रिपोर्ट अजून सहीला गेलेला. शेजारचं मूल रडत होतं, त्याची आई बिस्किटाचा पुडा उघडत होती.

बेबीताईला उगाच वाटलं, तक्ता बघावा.

पर्स उघडली. घडी उघडली.

आठच्या घरात सिस्टरची खूण. वेळ, अक्षर.

चारच्या घरात...

तिनं कागद डोळ्यांजवळ नेला. मग लांब धरला. घडी तिनं स्वतः घातली होती. पर्स एक क्षणही खाली ठेवली नव्हती.

उलटी खूण. शाई घडीच्या दुसऱ्या बाजूला उमटलेली, इतकी ताजी.

तिनं फोन लावला.

“बाटली बाहेर काढलीत?”

“कशाला?” भावजी म्हणाले. “तू देऊन गेलीस ना.”

“मी पावणेतीनला निघाले. चारचं औषध पावणेतीनला देईन?”

“अण्णा म्हणाले, तिनं लावलं, झालं माझं.”

“तिनं म्हणजे कुणी?”



“तू. दुसरं कोण असणार?”

रिपोर्ट न घेताच ती निघाली. रिक्षा, मग जिना, लिफ्टची वाट न बघता तीन मजले. घरी पोचली तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती. भावजी फ्रीजसमोर उभे होते. हातात बाटली, सीलबंद. ते तिच्याकडे ज्या नजरेनं बघत होते, ती नजर तिच्या ओळखीची होती. बाटल्या दोनदा मोजून झाल्यावरची.

“मी आज विचारलं नसतं,” ती धापा टाकत म्हणाली, “तर हा डोस राहिला असता. तुम्हाला वाटलं असतं मी दिला. मला वाटलं असतं तुम्ही.”



तिनं बाटली त्यांच्या हातातून घेतली. बर्फासारखी होती. दोन्ही तळव्यांत धरून ती ऊब द्यायला लागली, आणि तशीच मानेनं कपाट दाखवून म्हणाली, “आईंची फाइल काढा.”

“आत्ता?”

“आत्ताच.”

दोन वर्षं त्या फाइलला कुणी हात लावला नव्हता. भावजींनी ती ओट्यावर ठेवली, शेवटचा तक्ता काढला. बेबीताईनं पर्समधला कागद त्याच्या शेजारी पसरला.

जुन्या तक्त्यावर महिनाभराच्या चारच्या खुणा बेबीताईच्या. सरळ. वेळ, अक्षर.

शेवटच्या दिवशीची तेवढी वेगळी. वेळ नाही. अक्षर नाही.

उलटी.

भावजींनी खुर्ची ओढली आणि बसले. “मला वाटत होतं...” ते म्हणाले.

“मलाही,” बेबीताई म्हणाली.

दोघंही फ्रीजपासून हातभर अंतरावर होती. दार बंद होतं. दोघांच्या डोळ्यांसमोर बंद होतं.

पच्च...

बेबीताई सांगते, त्या वेळी भावजींनी तिचं मनगट धरलं. लग्नात धरलं होतं त्यापेक्षा घट्ट.

दोघं वाट बघत राहिली. दार हललं नाही. धप्पही आलं नाही.

मग आतून अण्णांचा आवाज आला. हळू. कुणाशी तरी बोलत होते. मध्ये थांबत होते, समोरच्याचं ऐकून घेतात तसं.

“हो... हो गं. किती दिवस तेच.”

बेबीताई दारात गेली, बाटली तशीच हातात. मागे भावजी. अण्णा उशीला टेकून बसले होते. भिंतीकडे नाही, दाराकडे तोंड. पण ते बेबीताईकडे बघत नव्हते. तिच्या खांद्यावरून, तिच्या आणि भावजींच्या मधल्या वीतभर जागेकडे बघत होते.

“तुला चार दिवसांनी झोप लागली होती,” ते त्या जागेला म्हणाले. “सुई-पिचकाऱ्यांनी उठवावंसं वाटलं नाही. म्हटलं, पाचला देऊ. सून येऊन उठवेल, म्हणून आधीच खूण केली. आणि खुर्चीत माझाही डोळा लागला.”

ते थांबले. समोरून काहीतरी विचारलं गेलं असावं. बेबीताईला काही ऐकू आलं नाही. मानेवर मात्र फ्रीज उघडल्यासारखा गार वारा लागला.

अण्णांनी मान हलवली.

“नाही,” ते म्हणाले. “त्या दिवशी तुला औषध दिलंच नाही. दोघांनी मनातल्या मनात एकमेकांना दोष दिला, आणि मी गप्प बसलो.”