लाल दोऱ्याचं पांघरूण

तो उंच माणूस दुकानात शिरला आणि निळ्या पांघरुणाला गाल लावून, डोळे मिटून उभाच राहिला.

"झोप लागली की काय?" तिने आतून, मागावर बसल्या बसल्याच विचारलं.

तो दचकला. "नाही... टोचत नाही ना, ते बघत होतो. भेट द्यायचंय."

"माझं कापड टोचत नाही."

हे तिने ज्या थाटात सांगितलं, त्यावर समोर बसलेल्या आत्याने कपाळाला हात लावला. पण थाट उगाच नव्हता. औषधं न फवारता पिकवलेला कापूस ती स्वतः निवडून आणायची, सूत स्वतः रंगवायची, आणि सात वर्षांत इथून गेलेलं एकही पांघरूण परत आलं नव्हतं. "भाची माझीच," आत्या येईल त्याला सांगायची, "पण मान कुणाची घेतली कोण जाणे. वाकतच नाही मेली."

त्या माणसाने खिशातून एक छोटं भिंग काढलं, डोळ्याला लावलं आणि वीण न्याहाळायला लागला. तो पलीकडच्या रस्त्यावर घड्याळं दुरुस्त करायचा. तिच्या कापडावर आजवर कुणी भिंग धरलं नव्हतं. ती तरातरा बाहेर आली.

"सापडलं काही?"

"शोधतोय... अजून तरी नाही."

"नाही सापडणार."

त्याने भिंगातूनच तिच्याकडे पाहिलं. "तुमचा हा आत्मविश्वाससुद्धा सेंद्रिय आहे का?"

तिने ओठ घट्ट मिटले. ऐन वेळी हसू येणं तिला परवडणार नव्हतं!

"भेट कुणाला?" तिने विचारलं आणि उगीचच घड्या सारख्या करायला घेतल्या.

"बहिणीला," तो म्हणाला, आणि त्याचा चेहराच बदलला. "रविवारी जहाजावर रुजू होतेय. इंजिनीअर म्हणून! नऊ वर्षांची असताना तिने माझं गजराचं घड्याळ खोललं. परत जोडलं तर तीन चाकं उरली... आणि घड्याळ मात्र चालू. तेव्हाच म्हटलं, ही माझ्यापुढे जाणार."

त्याला साडेसहा फुटी पांघरूण हवं होतं, जहाजावरच्या पलंगाच्या मापाचं. तिने चौकोनी खळग्यांच्या विणीचं निळं पांघरूण पुढे टाकलं. शेजारी दुसरं उलगडलं. रंग तोच, लांबीही तेवढीच, पण पाटासारखं सपाट.

"हे नुकतंच मागावरून उतरलंय. धुतलं की आकसतं, आणि हे खळगे वर येतात. म्हणजे हे होणार लहान मुलाचं. न धुतलेल्याला आम्ही लाल दोरा बांधतो, गफलत नको म्हणून."

"मग मला खळग्यांचं द्या." त्याने त्यावरून अलगद बोट फिरवलं. "आई सकाळीच कामाला जायची, वेणी मी घालायचो हिची. रोज वाकडी यायची. पण ही तश्शीच, मान वर करून शाळेत जायची..."

सांगताना त्याचे डोळे असे काही चमकले, की तिचं हातांकडे लक्षच राहिलं नाही. ती आवडली तिला, ती न पाहिलेली मुलगी. आणि तिची वेणी घालणाराही... पुडकं बांधून झालं, तो गेला, आणि तरी ती दाराकडेच बघत होती.

बुधवारी तो परत आला. बगलेत तेच पुडकं.

"तुमचं पांघरूण लाजलं बहुतेक," त्याने गंभीरपणे सांगितलं. "एकदा धुतलं, तर पार अंग चोरून बसलंय."

"अशक्य!"

त्याने ते अंगावर धरलं. गळ्यापासून निघालेलं पांघरूण गुडघ्यांपर्यंत येऊन थांबलं. ती तोंड उघडणार, तोच तिला कोपऱ्यातला लाल दोरा दिसला. न धुतलेलंच तिने बांधून दिलं होतं! ते धुतल्याबरोबर लहान मुलाचं झालं होतं. आणि त्याने निवडलेलं, ढिगातच राहिलेलं मोठं पांघरूण आत्याने काल कुणाला तरी विकूनही टाकलं होतं.

"शनिवारपर्यंत नवीन देते," ती कशीबशी म्हणाली.

"पण असं झालं कसं? हात लावला तरी कळतं की."

तिने मान वळवली. "चहा घ्या," आत्याने मध्येच म्हटलं.

निळं सूत मागावर चढलेलंच होतं, म्हणून बरं. ती झपाटल्यासारखी विणायला बसली. तो रोज दुपारी डोकावायचा. तीन बोटं विणलं गेलं तरी आ वासून बघायचा, आणि ती "काम करू द्या की" म्हणत दुप्पट जोराने धोटा फेकायची. तो गेला की माग एकदम मुका वाटायचा. प्रश्न मात्र तिथेच होता... असं झालं कसं?

"म्हातारीकडून चुकलं म्हणून सांग," आत्या हळूच म्हणाली. "माझं काय जातंय? तुझं नाव तरी राहील."

ती धोटा फेकतच राहिली. नावच तर तिने जिवापाड जपलं होतं. ते राखायचं तर आत्याच्या आड लपायचं, आणि खरं सांगायचं तर... मग सगळंच सांगायचं.

शनिवारी सकाळी तिने नवं पांघरूण धुऊन उन्हात टाकलं. वाऱ्यावर वाळता वाळता त्याचे खळगे एकेक करून वर आले. दुपारी तो बहिणीला घेऊनच आला. पोरीने पांघरूण खांद्यावर टाकलं, ते थेट घोट्यापर्यंत आलं. "दादा!" एवढंच ती म्हणाली आणि त्यात तोंड खुपसलं. विणणारीचा ऊर भरून आला. आपल्या हातचं काहीतरी आता समुद्रावर जाणार होतं.

"पण ताई," पोरीने डोकं वर काढलं, "दादा तर म्हणतो तुमच्या हातून चूक होतच नाही. मग ती कशी झाली?"

"अगं, त्या दिवशी मीच—" आत्या पुढे सरसावली.

"नाही, आत्या." तिने मान ताठ केली. इतकी ताठ ती एरवीही नसायची. "चूक माझीच आहे. हाताखाली काय आहे ते मी बघत नव्हते. मी... यांच्याकडे बघत होते. बहिणीबद्दल बोलताना."

त्याचे कान लाल झाले.

"मलाही एक सांगायचंय," तो अडखळला. "घरी पुडकं सोडलं तेव्हाच कळलं होतं... सपाट आहे ते. दोराही दिसला."

"काय? मग धुतलंत कशाला?"

"तसंच आणलं असतं, तर तुम्ही दोन मिनिटांत बदलून दिलं असतं, आणि मी घरी! म्हटलं धुऊन आणावं... जरा भांडण होईल. भांडायला वेळ लागतो." त्याने खाली पाहिलं. "तीन दिवस तुम्हाला मागावर बसावं लागेल, हे नव्हतं वाटलं. चुकलंच माझं. पण त्या दुपारी... मला फार आवडल्या."

"कल्पना माझी होती," बहीण पांघरुणातून म्हणाली. "साबण मी लावला."

आता मात्र विणणारीला हसू आवरेना. आत्या तर डोळे पुसत हसत होती. भाचीने बुधवारपासून दुकानातच पडलेलं ते आखूड पांघरूण उचललं आणि लाल दोरा कापायला कात्री घेतली. त्याने हळूच तिच्या हातावर हात ठेवला.

"राहू दे ना. माझ्या कामाच्या खुर्चीवर टाकेन. येणाऱ्या प्रत्येकाला सांगेन, कुणी विणलंय ते."

"आणि कुणी बिघडवलंय, ते?"

"तेही सांगेन... मान वर करून."

सात वर्षांत पहिल्यांदाच तिच्या दुकानात एक पांघरूण परत आलं होतं, आणि ते घेऊन आलेला माणूस काही केल्या परत जायचं नाव घेत नव्हता.