नमस्कार, रायन

हिंदमाताच्या साडीच्या दुकानातून ओवी धावतपळत डिलाईल रोडच्या प्रोग्रामिंग क्लासला पोचली, तेव्हा एकच खुर्ची रिकामी होती. तीही एका कुरळ्या केसांच्या मुलाशेजारी. दोघांत मिळून एकच कॉम्प्युटर.

"अर्धा कीबोर्ड तुझा, अर्धा माझा," तो सरकून म्हणाला. "मी रायन. दादर, पोर्तुगीज चर्चजवळ."

"ओवी. लालबाग... आणि सेमीकोलन कुणाच्या बाजूला येतो?"

"माझ्या."

"मग चूक झाली तर तुझी!"

तो हसला. गालावर खळी पडली. ओवीनं घाईघाईनं फळ्याकडे पाहिलं.

क्लास फुकट होता, पण फक्त तीन रविवारांचा. शेवटच्या रविवारी प्रत्येकानं एकट्यानं प्रोग्राम लिहून चालवून दाखवायचा. ज्याला जमेल, त्याला पुढचा सहा महिन्यांचा कोर्सही फुकट. ओवीला तो हवाच होता. बारावीच्या कॉम्प्युटर प्रॅक्टिकलला तिचा स्क्रीन कोराच राहिला होता, आणि सर सगळ्यांसमोर म्हणाले होते, "हे तुझं काम नाही." त्यानंतर सात वर्षं ती साड्या उलगडत होती, घड्या घालत होती. ते वाक्य मात्र गेलं नव्हतं.

"आपण लिहिलेलं मशीनच्या भाषेत बदलायचं, म्हणजे कंपाईल," प्राचीमॅडम सांगत होत्या. "मग ते चालवायचं, म्हणजे रन."

दोघांनी मिळून टाईप केलं. स्क्रीनवर एरर आली.

"ओळीच्या शेवटचा सेमीकोलन राहिला," ओवी म्हणाली. "तुझ्या बाजूचा. लक्ष कुठे होतं तुझं?"

"सांगू?" त्यानं तिच्याकडे पाहिलं... आणि मग कानापर्यंत लाल होत स्वतःच मान वळवली.

क्लास सुटला की तो तिला सोडायला लालबागपर्यंत चालत यायचा. त्याच्या दादरच्या रस्त्यात लालबाग येत नव्हतं. दोघांनीही तो विषय काढला नाही. उभ्या टॅक्सीच्या धुळकट काचेवर तो बोटानं एखादी ओळ लिहायचा, ती चूक शोधायची. कुरिअरच्या ऑफिसात दिवसभर पार्सलं नोंदवणाऱ्या त्या मुलाला तिनं चूक शोधल्याचा एवढा आनंद का व्हायचा, हे ओवीला कळत होतं. कळून ती न कळल्यासारखं करत होती.

शेवटचा रविवार उजाडला. रायनचा प्रोग्राम पहिल्याच झटक्यात चालला. मग ओवीची पाळी.

नाव विचारायचं आणि नमस्कार करायचा, एवढंच. तिनं लिहिलं, कंपाईल केलं, चालवलं, नाव टाकलं. स्क्रीनवर आलं – Namskar, Ovi.

एक ए राहिला होता. तिनं तो घातला, सेव्ह केलं, पुन्हा चालवलं.

Namskar.

पुन्हा पाहिलं. ए तर होता! पुन्हा चालवलं. तेच. 'हे तुझं काम नाही...' भिंतीपाशी रायन ओठ घट्ट मिटून उभा होता. चूक कुठे आहे ते त्याला माहीत होतं, पण त्याला बोलायची परवानगी नव्हती.

ओवीनं त्याच्याकडे पाहायचं टाळलं. डोळे मिटले. मी बदललं... पण कुठे? माझ्या फाईलमध्ये. मशीनकडे तर अजून जुनंच आहे!

"कंपाईल!" ती मोठ्यांदा ओरडली. सगळे दचकले. तिनं कंपाईल केलं, चालवलं, नाव टाकलं.

Namaskar, Ovi.

"शाब्बास! कोर्सला ये," प्राचीमॅडम म्हणाल्या, आणि ओवी खुर्चीवरून उडीच मारून उठली. सात वर्षांचं ते वाक्य त्या क्षणी पार पुसून गेलं.

सगळे बाहेर पडू लागले. रायन तिच्या मशीनपाशी आला.

"मी चालवून बघू?"

त्यानं नाव टाईप केलं. स्क्रीनवर उमटलं – Namaskar, OvichaRyan.

ओवीनं ते पुन्हा एकदा वाचलं. मग ती म्हणाली, "मध्ये जागा नाही सोडलीस?"

"जागा सोडली की तुझा प्रोग्राम पुढचं वाचतच नाही. फक्त 'ओवीचा' म्हणून थांबतो." तो अडखळला. "आणि... आपल्या दोघांत मला जागा सोडायचीच नाहीये. तुला चालेल?"

"तीन रविवार लावलेस विचारायला!" तिनं त्याचा हात धरला. "चालेल रे. धावेल."

तिनं तिथूनच घरी फोन लावला. "आई, जमलं! माझा प्रोग्राम चालला, कोर्स मिळाला! आणि ऐक ना... जेवायला एकाला घेऊन येतेय. रायन नाव आहे. मला आवडतो."

ओवीनं रायनचा हात आणखी घट्ट धरला. मग आईचा मालवणी आवाज आला, "तिखट खाता मां तो?"

रायन फोनकडे वाकला. "काकी, आमच्या बॉटल मसाल्याच्या तिखटावर वाढलोय मी!"

"मगे येवा बेगीन," आई म्हणाली. "बांगडे तळूक घेतंय."