दोरीएवढी उंची

पांघरूण झटकायला तिनं वरच्या मजल्यावरची खिडकी उघडली, आणि बाहेर एक माणूस होता.

बाहेर म्हणजे अगदी समोर. हात लांब केला असता तर त्याच्या नाकाला लागला असता. शिडीवर उभा, दातांत सुतळी धरलेली, पहाटेच्या भुरभुर पावसानं केस ओले. हात थांबेपर्यंत उशीर झाला होता. पांघरुणातली धूळ आणि दोऱ्यांची कात्रणं त्या ओल्या केसांवर जाऊन बसली.

"अगंबाई!"

त्यानं दातांतली सुतळी काढली. "धुळीचं काही नाही हो. पण तुम्ही ओरडलात नं, त्यानं शिडी हलली."

"लोकांच्या खिडकीशी येऊन उभं राहायचं आणि वर आम्हालाच बोलायचं?"

"मी खिडकीशी कुठं आलोय? मी माझ्या भिंतीशी आलोय."

"कुठंय भिंत?"

त्यानं हातातली दोरी उंचावून दाखवली. तिला जागोजागी लाल चिंध्या बांधल्या होत्या. "ही काय. अजून अंगावर विटा चढल्या नाहीत तिच्या, एवढंच."

तिला हसू आलं... आणि मग तो काय म्हणाला ते कळलं, तसं ते जिथल्या तिथं विरलं.

त्या गल्लीतली घरं फार जुनी, एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभी. फक्त तिच्या घराला लागून एक मोकळी चिंचोळी जागा होती. तिथलं घर कधीकाळी जळून गेलेलं, पुन्हा कुणी बांधलं नव्हतं. सगळे तिला खिंड म्हणत. जुन्या वस्तीत नवं काही बांधायचं तर एक रीत होती. कागदावरचा नकाशा किती जणांना कळणार? म्हणून जागेच्या चार कोपऱ्यांत उंच वासे उभे करायचे आणि छप्पर जिथवर जाणार त्या उंचीवर दोरी बांधायची. वस्तीची सभा होईपर्यंत ती तशीच ठेवायची. येता-जाता लोक मान वर करून बघत, आपलं किती आभाळ जाणार ते समजून घेत, आणि मग सभेत हो किंवा नाही म्हणत. शेजारच्या घराच्या शब्दाला सगळ्यांत जास्त वजन.

दोरी तिच्या खिडकीच्या वरून गेली होती. म्हणजे खिडकी पुरती बुजणार. आपण आचारी आहोत, इथं हॉटेल काढतोय, हेही त्यानं शिडीवरूनच सांगितलं.

"कोण आहे गं?" आतून आत्याचा आवाज आला.

"आचारी आहे म्हणे. खिंडीत हॉटेल काढतोय."

"मग त्याला आत बोलाव. शिडीवर उभं करून कुणी गप्पा मारतं का?"

"आत्या, तो आपली खिडकी बुजवायला आलाय."

"मग तर ओळख हवीच," आत्या म्हणाली.

आत्यानंच तिला लहानाचं मोठं केलं होतं. आईवडील गेले तेव्हा ती टेबलाएवढीही नव्हती. आत्या तिला चिमणी म्हणायची. गल्लीही तेच म्हणायला लागली, आणि तिशी जवळ आली तरी कुणी बदललं नाही. शर्टाच्या कॉलरी आणि कफ हातानं शिवायचं काम आत्यानं तिला शिकवलं. आता आत्याचे पाय गेले होते. पलंग खिडकीला टेकवून लावलेला, आणि त्या खिडकीतून दिसेल तेवढंच आत्याचं जग. छपरांच्या पाठी, एक लांबची टेकडी, कुणाची तरी कबुतरं. दुपारी ऊन आत यायचं, पायांवरून सरकत सरकत वर चढायचं, आणि हातांपर्यंत पोचलं की आत्या हाक मारायची, "चिमणे, आलं बघ ऊन. आण तुझं शिवण." मग दोघी त्या उजेडात बसायच्या. दिवसातला तेवढा वेळ आत्याला आपण आजारी आहोत हे आठवायचं नाही.

आचारी जवळजवळ रोज येऊ लागला. वाऱ्यानं दोरी सैल होते म्हणायचा. इतका वारा गल्लीत त्याआधी कधी सुटला नव्हता.

"आज पण सैल झाली?"

"आज ओढून बघायला आलो, झालीय का ते."

"सुपाचं भांडं घेऊन?"

"सूप आत्याबाईंसाठी आहे."

"मी तुझी आत्या कधी झाले रे?" पलंगावरून आवाज यायचा. "आधी खिडकी घे, मग नातं जोड. आण इकडे. ...मीठ कमी आहे."

"मुद्दाम कमी घातलंय. उद्या पुन्हा विचारायला यायला कारण हवं नं."

"ऐकलंस का चिमणे? हा दोरीपेक्षा उंच बोलतो."

ती मान खाली घालून टाके घालत राहायची. मान खाली असली तरी कान लाल झालेले दिसतात, हे तिच्या लक्षात यायचं नाही.

तो स्टेशनजवळच्या मोठ्या हॉटेलात काम करायचा, मागच्या भटारखान्यात. एकदा शिडीवर बसून त्यानं सांगितलं, "इतकी वर्षं रांधलं, पण खाणाऱ्याचं तोंड कधी पाहिलं नाही. मधे एक झुलतं दार. ताट जातं, रिकामं येतं. आवडलं की नाही, कोण सांगणार? मला माणसं खाताना बघायचीत." खाली स्वयंपाकघर आणि चार टेबलं, वर आणखी टेबलं आणि कोपऱ्यात स्वतःपुरती एक खोली, असं त्यानं ठरवलं होतं. वरचा मजला नसेल तर भागीदार आत यायला तयार नव्हता.

तिला ते सगळं कळत होतं. शिवताना ती त्याच्या पावलांची वाट बघायची, आणि वाट बघितल्याबद्दल स्वतःवरच चिडायची. तो माणूस तिला हवा होता, आणि ती भिंत नको होती. आता हे दोन वेगळं कसं करायचं?

एका सकाळी तिनं खिडकी उघडली आणि बघतच राहिली. दोरी खाली आली होती. खिडकीच्या चौकटीच्याही खाली, हातभर.

ती आत्याशी त्याबद्दल बोलली नाही, कारण बोलली असती तर रडली असती. त्यानं वरचा मजला सोडला... त्यांच्यासाठी! त्या दिवशी तिनं दोन कॉलरी उलट्या शिवल्या.

सभा शाळेच्या मोठ्या वर्गात भरली. वस्तीचं काम बघणाऱ्या मोठ्या बाई, म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका, खुर्चीत बसल्या होत्या. "शेजारच्या घराचं काय म्हणणं?" त्यांनी विचारलं. ती उठली. आयुष्यात पहिल्यांदा इतक्या माणसांपुढे उभी राहिली होती. "दोरी आहे तेवढी इमारत होणार असेल, तर आमची हरकत नाही. उलट..." पुढचं तिला बोलवेना. मागून कुणीतरी खोकलं, बायका हसल्या. हरकत नाही, हरकत नाही, असं सगळीकडून झालं.

मग आचाऱ्याच्या आर्किटेक्टनं नकाशा उलगडला आणि चष्मा वर सरकवला. "दोरी आहे तेवढी म्हणजे? दोरी खिडकीच्या वर असायला हवी. दोन मजली इमारत आहे ही."

वर्गात एकच गलका उठला. फसवणूक! दोरी खाली, नकाशा वर! आचारी भिंतीशी उभा होता. तिनं त्याच्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"दोरी तुम्ही खाली घेतलीत?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"हो."

"का?"

"...सांगण्यासारखं नाही."

"मग ऐका. एकतर दोरी होती तिथं वर चढवा आणि शेजाऱ्यांची संमती नव्यानं मागा, नाहीतर दोरीएवढंच बांधा."

ती घरी आली ती थेट जिन्याच्या पायरीवर बसली. तो मागोमाग आला आणि दारातच थांबला.

"माझ्या तोंडून सगळ्यांसमोर हो वदवून घेतलंत," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्तच लागत होता.

"सभेचं माझ्या डोक्यातच आलं नाही हो. खरंच नाही. नकाशा तर सगळ्यांना दाखवायचाच होता." तो अडखळला. "त्या दिवशी तुम्ही सूप गरम करायला खाली गेला होतात. आत्याबाई त्या दोरीकडे बघत होत्या. ऊन हातावर आलं होतं, पण त्यांनी तुम्हाला हाक मारली नाही. नुसत्या दोरीकडे बघत होत्या... मला बघवेना. वाटलं, भिंत यायची तेव्हा येईल, तोवर तरी ती दोरी त्यांच्या डोळ्यांसमोर नको."

एवढं मोठं माणूस इतकं खुळं कसं असू शकतं, हेच तिला कळेना. आणि ज्या खुळेपणाचा राग धरायचा, त्याच्याच पोटात इतकी माया निघाल्यावर करायचं काय?

"वर चला," ती शेवटी म्हणाली. "हे तिला सांगा. तिची खिडकी आहे."

आत्यानं सगळं ऐकून घेतलं. त्यानं काही लपवलं नाही, भागीदाराचंही सांगितलं. मग विचारलं, "आत्याबाई, द्याल का खिडकी?"

चिमणीला वाटलं, आत्या हो म्हणेल. म्हातारी माणसं म्हणतात तसं, माझं काय आता राहिलं, असं काहीतरी.

"नाही," आत्या म्हणाली.

"आत्या..."

"गप गं. हा मला आवडतो, म्हणूनच खोटं बोलत नाही. मला चालता येत नाही, जिना उतरता येत नाही. एवढं एक उरलंय. ते मी जिवंतपणी कुणाला देणार नाही, तुझ्या सुखासाठीसुद्धा नाही. मी गेल्यावर खिडकी हिची. तेव्हा हिला माग."

मग त्यानं वाकून आत्याच्या पायांवरची चादर सारखी केली आणि म्हणाला, "दोरी आहे तिथंच राहू दे मग."

भागीदार गेला. दोन मजल्यांचं कर्ज एका मजल्याला कुणी देईना. आचाऱ्यानं मोठ्या हॉटेलात दुप्पट पाळ्या केल्या, सुट्टीच्या दिवशी स्वतः विटा वाहिल्या, आणि जे वर्षभरात व्हायचं ते तीन वर्षांत झालं. या तीन वर्षांत चिमणी आत्याशी काही दिवस अबोला धरून बसली, मग पुन्हा बोलू लागली. खाली उतरून त्याला पाणी देऊ लागली. कधी त्याचा फाटक्या बाहीचा सदरा मुकाट्यानं शिवायला घेऊ लागली. लग्नाचं कुणीच काढलं नाही. त्याच्याकडे राहायला जागा नव्हती, आणि तिला आत्याला सोडायचं नव्हतं. दोघांनाही ते न बोलता माहीत होतं.

शेवटी खिंडीत चार टेबलांचं हॉटेल उघडलं. त्याचं सपाट छप्पर खिडकीच्या हातभर खाली येत होतं. दुपारची गर्दी ओसरली की तो मागच्या शिडीनं छपरावर यायचा, हातात झाकलेली बशी घेऊन, आणि खिडकीतून आत द्यायचा. छपरावरच बसून आत्याचं खाणं होईपर्यंत तिच्या तोंडाकडे बघत राहायचा.

"काय बघतोस रे असा?"

"माणूस खाताना बघतोय."

"मीठ..." आत्या म्हणायची आणि थांबायची. "बरं आहे आज."

चिमणी आतल्या बाजूला, तो बाहेरच्या. मधे आत्याचा पलंग. हसणं, बोलणं, नजरा, सगळं त्या पलंगावरून जायचं-यायचं, आणि आत्या डोळे मिटून झोपेचं सोंग घ्यायची.

हॉटेल उघडल्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात आत्या गेली. दुपारची वेळ होती, ऊन अजून पायांपाशीच होतं.

बरेच दिवस खिडकी बंद राहिली. तो रोज छपरावर यायचा, बशी चौकटीवर ठेवायचा, आणि न ठोठावता परत जायचा. बशी रिकामी झालेली असायची; त्याला तेवढं पुरत होतं.

मग एके दिवशी खिडकी उघडली. ती उभी होती. पलंग तिथं नव्हता. भिंतीशी सरकवलेला होता. खिडकीतून तिच्या मागची खोली त्याला पहिल्यांदाच पूर्ण दिसली.

"मोठ्या बाई येऊन गेल्या," ती म्हणाली. "म्हणाल्या, आता कुणाची हरकत नाही. वरचा मजला चढवा. खिडकी आता माझी आहे. मी देते."

"तुम्ही शिवायला कुठं बसाल?"

"दिव्याखाली."

"दिव्याखाली तुम्हाला सुई ओवता येत नाही. छपरावरून दिसतं मला. संध्याकाळी दोरा चाटत बसता नुसत्या."

"तो माझा प्रश्न आहे. तुमचं काय? चार टेबलांवर किती दिवस काढणार? तुम्हाला खोली हवी होती..."

"हवी होती. एकट्या माणसाची खोली होती ती." तो थांबला. खाली कुणीतरी खुर्ची सरकवली, ताटांचा आवाज झाला. "आत्याबाई म्हणाल्या होत्या, मी गेल्यावर हिला माग. मी तेव्हापासून ठरवत होतो, काय मागायचं ते. खिडकी नाही मागायची... एवढं ठरलं."

"मग?"

"तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे," ती म्हणाली. डोळे भरून आले होते, पण आवाज पक्का होता. "तरी मागा. इतकी वर्षं पलंगावरून बोललो आपण. एकदा सरळ बोला."

तेव्हा तो सरळ बोलला. तीनचारच शब्द होते, आणि ते त्यानं इतक्या हळू म्हटले की खालच्या टेबलांवर कुणाला ऐकू गेले नाहीत. गल्लीतल्या कुणाला ते नेमके कधीच कळले नाहीत.

मागे वळून तिनं त्या रिकाम्या जागेकडे एकदा पाहिलं, जिथं पलंगाच्या पायांचे चार डाग फरशीवर उरले होते. मग साडीचा पदर खोचला, चौकटीवर हात टेकला, आणि ज्या खिडकीतून आजवर फक्त नजर बाहेर गेली होती तिच्यातून पाय बाहेर टाकला.

"सांभाळून... हातभर खाली आहे."

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली, आणि त्याचा हात धरून छपरावर उतरली.