दोन भोंग्यांमधली पाळी

कंदिलाची वात हवी तर मोठी करा, पण ही गोष्ट रात्रीची नाही. भर दुपारची आहे, आणि तीसुद्धा सोलापूरच्या चैत्रातली दुपार. त्या उन्हात भूतही बाहेर पडायला कंटाळेल अशी माझी तेव्हा पक्की समजूत होती.

मी मूळचा रत्नागिरीकडचा. तिथल्या एका छत्र्यांच्या दुकानात कामाला होतो. दहा वर्षांपूर्वी, म्हणजे अठ्ठावीस साली, आमच्या शेटजींच्या डोक्यात एक किडा वळवळला. कोकणात पावसासाठी छत्र्या खपतात, तर सोलापुरात उन्हासाठी का खपू नयेत? त्यांनी एक भलंमोठं गाठोडं माझ्या खांद्यावर दिलं आणि म्हणाले, "भिकाजी, सगळा माल खपवलास तर सोलापूरची एजन्सी तुझी. परत घेऊन आलास तर जन्मभर इथेच काड्या बसवत बस." मी लहानपणापासून काड्याच बसवत आलो होतो. तेव्हा काहीही झालं तरी परत फिरायचं नाही, असं ठरवूनच मी आधी बोटीत आणि मग रेल्वेत बसलो.

स्टेशनाबाहेर टांगेवाल्यानं मला दखनीत हटकलं, पानवाल्यानं कानडीत काहीतरी सुनावलं, आणि एका म्हातारीला रस्ता विचारला तर तिनं तो तेलुगूत सांगितला. मी तिघांपुढेही मान डोलावली आणि समोर दिसणाऱ्या गिरणीच्या धुराड्याच्या रोखानं चालायला लागलो. टांग्याची चैन मला परवडणारी नव्हती. वाटेत एका बाईनं कडक भाकरी आणि शेंगाची चटणी वाढली. भातावर वाढलेला माणूस मी. पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी आलं, दुसऱ्या घासाला नाकातून, आणि तिसऱ्या घासापासून मी जो सोलापूरच्या प्रेमात पडलो तो आजतागायत.

जागा मिळाली ती सावित्रम्माकडे. ही विणकर विधवा. घराच्या मागच्या बाजूला तिचा हातमाग होता आणि पुढची खोली ती भाड्यानं द्यायची. खोली कसली, एक बाज, एक माठ, एक कोनाडा आणि दाराबाहेर एक दगडी पायरी. पण ती अख्खी घेण्याची ऐपत कोणाची होती? गिरणगावात तेव्हा बाजा पाळीनं दिल्या जायच्या. रातपाळीचा कामगार दिवसा झोपायचा, दुसरा रात्री.

"रात तुमची," सावित्रम्मा म्हणाली. "दिवसा गुंडाप्पा झोपतो. मंद्रूपचा हाय. गिरणीत रातपाळीला जातो."

"चालेल की," मी म्हटलं. सोलापूरकरांचा वाक्यामागचा 'की' एव्हाना माझ्याही तोंडात बसला होता.

"आनि एक ऐका. दुपारी दोन भोंगे व्हतात, जेवणाच्या सुट्टीचे. एक सुट्टी व्हताना, एक संपताना. त्या दोन भोंग्यांच्या मधी खोलीत यायचं न्हाय."

बिचारा गुंडाप्पा रात्रभर राबून झोपलेला असणार, त्याची झोपमोड होऊ नये म्हणून असेल, असं मी धरून चाललो. मला कुठे दुपारी यायचं होतं? मी तर छत्र्या विकणार होतो.

विकतो कसला! पहिले काही दिवस सोलापूरकरांनी माझी यथेच्छ करमणूक करून घेतली. "पाऊस कुटं हाय, पावणं?" असं विचारून माणसं टाळ्या देत हसायची. मग मी भर चौकात स्वतःच छत्री उघडून सावलीत ऐटीत उभा राहायला लागलो. ऊन तापलं की एकेक जण नाइलाजानं माझ्या छत्रीखाली शिरायचा आणि छत्री घेऊनच बाहेर पडायचा. गाठोडं हळूहळू उतरायला लागलं.

शहर ओळखीचं झालं तरी माणूस ओळखीचं नव्हतं, आणि संध्याकाळी त्याचं फार वाटायचं. पण खोलीवर आलो की कोणीतरी माझी वाट पाहत होतं असं वाटे. माठ भरलेला असायचा. गुंडाप्पानं कोनाड्यात भाकरीचा चतकोर आणि चटणी झाकून ठेवलेली असायची. मी त्याच्यासाठी आमसुलं ठेवायचो. आणि बाजेवर ती जाड सोलापुरी चादर! इतकी सुरेख घडी मी दुकानातही पाहिली नव्हती. काठाला काठ, कोपऱ्याला कोपरा, कुठे सुरकुती म्हणून नाही, आणि सगळ्यात वरचा एक कोपरा उलटून बाहेर काढलेला. मी सकाळी ती कशीबशी गुंडाळून टाकायचो आणि मनात म्हणायचो, हा गुंडाप्पा रातपाळीचा कामगार असेल, पण वृत्तीनं मोठा टापटिपीचा दिसतो. न भेटलेल्या त्या माणसाचा मला लळाच लागला.

मग एके दिवशी मीच आजारी पडलो. सकाळपासून डोकं ठणकत होतं, तरी मी चौकात उभा राहिलो. दुसऱ्याला सावली विकणाऱ्याला ऊन लागलं, आता याला काय म्हणावं! दुपार चढली तसे हातपाय थरथरायला लागले, घाम येईनासा झाला, रस्ता पायाखाली हलायला लागला. त्या अनोळखी शहरात मी इथेच पडलो तर मला उचलणार कोण, आणि रत्नागिरीला आईला कळवणार कोण? खरं सांगतो, मी घाबरलो. कसाबसा भिंती धरत खोलीशी पोचलो आणि पायरीवर पाय ठेवला तोच पहिला भोंगा झाला.

मागचा सावित्रम्माचा माग त्या भोंग्याबरोबर थांबला. इतके दिवस त्याची खटखट कानाला इतकी सवयीची झाली होती की ती थांबल्यावर गल्लीच श्वास धरून बसल्यासारखी वाटली. कावळा नाही, कुत्रं नाही. मला तिचा नियम आठवला. पण पाऊल मागे घ्यायची ताकद नव्हती. गुंडाप्पाची माफी मागू, असं म्हणून मी दार ढकललं.

बाज रिकामी होती. मी तिच्यावर कोसळलो.

थोड्या वेळानं दार करकरलं. डोळे उघडत नव्हते. सुताला लावतात त्या खळीचा आंबूस वास खोलीत पसरला. माठावरचं झाकण निघाल्याचा आवाज झाला, पाणी ओतल्याचा झाला, आणि कपाळावर ओला फडका आला. तो फडका गार होता, पण त्यावर टेकलेला हात त्याहून गार होता.

"गुंडाप्पा...?"

फडका तेवढा कपाळावर नीट बसवला गेला.

"माफ करा... तुमच्या वेळेला आलो... ऊन लागलं हो..."

"पड," एक आवाज अगदी हलकेच म्हणाला. "पड तू."

तोंडाला तांब्या लागला. मी प्यालो. फडका पुन्हा ओला झाला, पुन्हा कपाळावर आला. मग माझ्या अंगावरून, पायांपासून वर, तळहात फिरल्याचा आवाज यायला लागला. सप्... सप्... कोणीतरी कापडावरची सुरकुती न् सुरकुती सपाट करत होतं. मला बरं वाटत होतं, आणि तरीही प्रत्येक 'सप्' बरोबर अंगावर काटा उभा राहत होता. डोळे उघडून पाहावं असं वाटलं... पाहू नये असंही वाटलं... आणि मग दुसरा भोंगा झाला. आवाज जागच्या जागी थांबला. मागच्या बाजूला माग पुन्हा खटखटायला लागला आणि मला गाढ झोप लागली.

जाग आली तेव्हा उन्हं कलली होती. ताप पार उतरला होता. उठायला गेलो तर उठता येईना. चादर माझ्याभोवती काठाला काठ लावून, बाजूंनी घट्ट खोचून, दुकानातल्या कापडाच्या ठाणासारखी बसवलेली होती, आणि माझ्या छातीवर तिचा एक कोपरा उलटून बाहेर काढलेला होता. मला हसू आलं. या गुंडाप्पाला घड्या घालायचा भलताच नाद दिसतो, आजारी माणसालाही सोडत नाही!

मी बाहेर येऊन पायरीवर बसलो, तेवढ्यात खांद्यावर गाठोडं घेतलेला एक दांडगा, मिशाळ गडी समोर येऊन उभा राहिला आणि दात काढून हसला.

"तुमी छत्रीवालं पावणं न्हवं? मी गुंडाप्पा! तुमची आमसुलं लई झ्याक हायती की!"

मी उठून त्याचे दोन्ही हात धरले. "गुंडाप्पा, आज तुम्ही होतात म्हणून मी वाचलो. तुमचे उपकार कसे फेडू?"

"आज?" तो गोंधळला. "आज मी कुटं हितं? परवापासनं मंद्रूपला व्हतो, भैनीकडं. आत्ता येतोय की."

"मग माझ्या कपाळावर ओला फडका कोणी ठेवला? आणि चादरीची घडी?"

"घडी तर तुमीच घालता न्हवं? मी म्हणायचो, पावणं लई शिस्तीचं. पयला भोंगा झाला की मी चादर फेकून भाइर निंबाखाली जाऊन पडतो आनि दुसऱ्याला परत येतो, तर घडी तयार असती! ती मोडवत न्हाय, म्हणून मग मी भुईवरच पडतो."

"भोंगा झाला की बाहेर कशाला जाता?"

"आता घ्या! त्या येळेला तुमी जेवायला येता म्हणून. सावित्रम्मानंच सांगितलंय, भोंग्यांच्या मधी खोलीत ऱ्हायचं न्हाय."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. तो आधी हसला, मग मीही हसलो, आणि मग दोघांचंही हसू एकदमच आटलं. दुपार त्याला वाटत होती माझी, मला वाटत होती त्याची.

सावित्रम्मा दारात येऊन उभी होती. तिनं माझा चेहरा पाहिला आणि तिला सगळं कळलं.

"तुमी मधीच आत गेला?"

"ऊन लागलं होतं, बाई. मरायला टेकलो होतो."

ती पायरीकडे बघत राहिली. मग दाराची चौकट धरून बोलली.

"चनबसप्पा म्हणून एक व्हता. वळसंगचा. गिरणीत कापडाच्या घड्या घालायच्या खात्यात नवा लागला व्हता. कापडावरची गिरणीची छाप दिसावी म्हणून घडीचा कोपरा वर काढायची त्याला सवय. माज्याकडं येऊन चारच दिस झाले असतील. असाच ऊन लागून जेवणाच्या सुट्टीत आला. बाजेवर रातपाळीचा मानूस झोपला व्हता. मी म्हणलं, तुमची पाळी रातची, आत्ता जागा न्हाय. तो मागं सरला. हितं पायरीवर बसला." तिनं पायरीच्या कडेकडे बोट दाखवलं. "दुसरा भोंगा झाला तसं मी बघायला आले. खांद्यावरच्या उपरण्याची घडी करून शेजारी ठेवली व्हती आनि मानूस गेला व्हता. तवापासनं ती येळ मी कुनाला देत न्हाय. त्याची हाय ती."

गुंडाप्पानं पायरीवर टेकलेला पाय हळूच काढून घेतला.

मी मात्र बसल्या जागी रडलो. भीतीनं नाही, भीती नंतर आली. ज्याला माझ्यासारखाच ताप चढला होता, ज्याला याच दारात कोणी जागा दिली नाही, त्यानं स्वतःची तेवढीशी वेळ मला देऊन टाकली होती. "पड तू," म्हणाला होता.

दुसऱ्या दिवशी पहिला भोंगा व्हायच्या आत मी गाठोड्यातली चांगली छत्री काढली आणि पायरीवर उघडून ठेवली. गुंडाप्पा म्हणाला, "पावणं, भुताला छत्री इकायची म्हंजे तुमी खरं यापारी!" आम्ही निंबाखाली जाऊन बसलो. दुसरा भोंगा झाल्यावर परत आलो तर छत्री मिटलेली होती. कापडाच्या चुण्या एकावर एक चोख बसवलेल्या, बंद बांधलेला, आणि कापडाचा एक कोपरा उलटून बाहेर काढलेला.

सगळा माल खपला. एजन्सी मिळाली. आता माझं दुकान आहे, गुंडाप्पा अजून चटणी पाठवतो आणि मी आमसुलं पाठवतो. दर वर्षी चैत्र लागला की मी दुपारी सावित्रम्माच्या पायरीवर एक छत्री उघडून ठेवतो आणि दुसऱ्या भोंग्यानंतर मिटलेली उचलून आणतो. आता यात भिण्यासारखं काही उरलेलं नाही, असं मी परवापर्यंत सर्वांना सांगत होतो.

परवा मी एकच छत्री ठेवली होती. आणायला गेलो तर पायरीवर दोन होत्या. माझी नेहमीसारखी मिटलेली होती. तिच्याशेजारी दुसरी उघडी होती, तिच्या सावलीत एका माणसापुरती जागा मोकळी होती. दांड्यावर रत्नागिरीच्या शेटजींचा जुना शिक्का होता, माझ्या त्या पहिल्या गाठोड्यातल्या छत्र्यांवर असायचा तोच. ते गेल्यापासून तसा शिक्का कोणी मारत नाही. ती कोणासाठी ठेवली आहे, हे सावित्रम्माला विचारायचं धाडस मला झालं नाही. मिटायला म्हणून मी तिची मूठ धरली. दुपारभर सोलापूरच्या उन्हात पडलेली ती मूठ ओल्या फडक्यासारखी गार होती.