वजा दीड हजार

“ताई, तू फक्त एवढं सिद्ध कर, की सिस्टरने आकडा खोटा लिहिला,” डॉक्टर म्हणाला. “चार वाजता तिला कामावरून काढायचंय.”

“सगळं ठरलंयच, तर मला कशाला बोलावलंस? चहाला?”

ताई त्याची थोरली बहीण. खासगी गुप्तहेर म्हणून तिने भल्याभल्यांना घाम फोडला होता, आणि भावाला तर ती लहानपणापासून ओळखून होती. केबिनमधला एसी गळत होता. खालच्या स्टीलच्या बादलीतलं पाणी साडीवर उडू नये म्हणून तिने खुर्ची सरकवली.

प्रकरण असं. शुक्रवारी दुपारी या प्रसूतिगृहात एक मुलगी बाळंत झाली. नोंदवहीत रक्तस्राव चारशे मिली, म्हणजे काळजीचं काही नाही. तासाभरात पोरगी थंडगार पडली. धावाधाव करून जीव वाचवला, पण गर्भाशय काढावं लागलं. पहिलंच बाळंतपण! तिचा नवरा तेव्हापासून एकच विचारत होता, चारशेत असं होतं का?

एक गोष्ट डॉक्टरने ताईला सांगितली नव्हती. त्या दुपारी सिस्टरने त्याला फोन केला होता. त्याने काय फरक पडतो, अशी त्याने मनाची समजूत घातली होती. ती काही नीट पटत नव्हती.

दोघं वर प्रसूतिकक्षात गेली. सिस्टरचे डोळे रडून सुजले होते.

“आकडा कसा काढता?” ताईने विचारलं.

“पूर्वी नुसत्या नजरेने सांगायचो. आता भिजलेले पॅड बादलीत टाकून वजन करतो. एक ग्रॅम म्हणजे एक मिली. वजा काय करायचं ते तिथे लिहिलंय.”

काट्याच्या वर डॉक्टरच्या सहीचा कागद होता : ‘बादली आणि दहा कोरडे पॅड : वजा दीड हजार.’ नोंदवहीत त्या दिवशीची वजाबाकी होती. एकोणीसशे वजा पंधराशे, चारशे. पॅड दहाच.

“खाडाखोड नाही,” ताई म्हणाली.

“खोटं लिहिणारा खाडाखोड कशाला करेल?” डॉक्टर म्हणाला.

सिस्टर काही बोलायला गेली, डॉक्टरकडे बघून गप्प बसली.

मग सफाईच्या मावशी आल्या. “मी काय चोरलंय का, बाई? पॅड नुसते निथळत होते! पण माझं कोण ऐकतंय?”

“बादली तुम्हीच उचलता?”

“मग काय डॉक्टर उचलतात? गुरुवारपासून ही प्लॅस्टिकची आलीय. हलकी आहे, माझी कंबर वाचली.”

ताईने आधी रिकामी बादली, मग दहा कोरडे पॅड काट्यावर ठेवले, दोन्ही आकडे बघितले आणि म्हणाली, “चला खाली. त्या नवऱ्यालाही बोलवा.”

केबिनमध्ये सगळे जमले. ताईने स्टीलच्या बादलीतलं पाणी बेसिनमध्ये ओतलं.

“सिस्टरने काट्यावर दिसलं तेच लिहिलं आणि कागदावर होतं तेच वजा केलं. पण कागद लिहिला या स्टीलच्या बादलीसाठी. दहा कोरडे पॅड भरतात दोनशे ग्रॅम, म्हणजे पंधराशेतले उरलेले तेराशे या बादलीचे. वरची प्लॅस्टिकची भरते चारशे. म्हणजे प्रत्येक वेळी नऊशे जास्तीचे वजा होत होते. तुमच्या बायकोचं रक्त चारशे नाही, तेराशे गेलं होतं.” ती भावाकडे वळली. “ही खाली कोणी आणली?”

“मीच,” डॉक्टर म्हणाला. “बुधवारी. एसी गळत होता. हाताला लागली ती उचलली.”

“म्हणजे बादलीचा घोळ,” नवरा हळूच म्हणाला. “कोणी मुद्दाम केलं नाही.”

खोलीतला ताण सैल झाला. मावशींनी सुस्कारा सोडला. सिस्टर जमिनीकडे बघत होती. तिची नोकरी वाचली होती, आता ती तोंड उघडणार नव्हती. ताईनेही आणखी काही विचारलं नाही. डॉक्टरला सुटायला वाट मोकळी होती, आणि आपल्याला सुटावंसं वाटतंय याचीच त्याला भयंकर लाज वाटली.

“नाही,” तो म्हणाला. “सिस्टरने दोन वाजता मला फोन केला होता. म्हणाली, पोरगी पांढरीफटक पडलीय, एकदा येऊन बघा. मी विचारलं, आकडा किती? ती म्हणाली चारशे. मी म्हटलं, मग झालं, चेहरे काय बघत बसता? आणि फोन ठेवला.”

“तुम्ही कुठे होतात?” नवऱ्याने विचारलं.

“इथेच. या खुर्चीत.” त्याला मान वर करवेना. “आणि खोटेपणाचा आळ तिच्यावर घेतला. मला लाज वाटते हो.”



“मला नका सांगू,” नवरा म्हणाला. “ती वर जागी आहे. तिला सांगा.”

डॉक्टर उठला. सिस्टरने सवयीप्रमाणे त्याच्यासाठी दार धरलं. त्याला तिच्याकडे बघवेना.