सकाळी अकराची बाटली

सुट्टीत टेकडीवर जायचं की तळ्यावर, यावर ढब्बूची एकट्याचीच बडबड चालली होती. चिंगीचं लक्ष मावशीच्या टेबलावरच्या बाटलीकडे. मावशी आरोग्य निरीक्षक. लोकांनी पाणी प्यावं की नाही, हे तिनं तपासून सहीनिशी सांगायचं. चिंगीलाही मोठेपणी तेच व्हायचं होतं. बाराव्या वर्षी अक्कल जरा कमीच असते.

"ढब्बू, बाटलीवरची चिठ्ठी वाच. आपली गल्ली, सकाळी अकरा."

"बरं मग?"

"आपल्याकडे पाणी कधी येतं रे?"

ढब्बूनं चिठ्ठी पुन्हा वाचली. पाणी यायचं संध्याकाळी सहाला. सकाळी नळ सोडला तर नुसती शिट्टी वाजायची. त्याची धाकटी बहीण आठ दिवसांपासून जुलाबानं दवाखान्यात पडून होती, आणि गल्लीच्या तोंडाशी कागद लटकत होता: पाणी उत्तम.

दुसऱ्या दिवशी दोघं मावशीच्या कचेरीच्या भिंतीवर चढून बसली. तपासणीसाठी गल्लोगल्लीच्या पाण्याचे नमुने आणणारे काका आले. आवारातल्या टाकीखालच्या नळाशी स्टूल टाकलं, बाराही बाटल्या तिथंच भरल्या आणि बारा गल्ल्यांच्या चिठ्ठ्या डकवल्या. उंटावरून शेळ्या हाकायच्या तर निदान उंट तरी लागतो. यांचं स्टुलावर भागलं.

"काका, बारा गल्ल्या इतक्यात फिरून झाल्या?" ढब्बूनं वरून विचारलं.

"टाकी एक, पाणी एक. उतर खाली, पडशील."

संध्याकाळी चिंगीनं घरच्या नळाची बाटली भरून मावशीपुढे ठेवली. मावशीनं त्यात औषधाचे थेंब टाकले. जंतू मारलेलं पाणी असलं की पिवळं होतं. हे होतं तसंच राहिलं. मावशीनं टेबलावरची अकराची बाटली तिच्याशेजारी आणून ठेवली.

"भरली त्यानं," ती म्हणाली, "पण डोळे मिटून सही मी केली."

मावशीनं सगळं कचेरीत सांगितलं. तिच्या मोठ्या साहेबांनी दोघांची पाठ थोपटली, एकेक पेन दिलं. काकांना गल्लोगल्ली पिटाळलं. पण पाइप फुटला होता गटारात. रस्ता खणायला मंजुरी हवी. "पाहू," साहेब म्हणाले. असल्या 'पाहू'ला डोळे नसतात. गल्लीत नवा कागद लागला, पाणी उकळून प्या. दवाखान्यात ढब्बूच्या बहिणीशेजारी गल्लीतली आणखी दोन पोरं आली.

सुट्टी संपत आली. साहेबांच्या कपाटात मावशीचे खरे अहवाल एकावर एक साचत होते. मावशी संध्याकाळी स्वतः नळाशी आली.

"अजून निरीक्षकच व्हायचंय?"

"हो."

"काही हलत नाही गं यानं. पालथ्या घड्यावर पाणी, तेही घाण."

"मग चिठ्ठी लिहू की नको?"

मावशीनं बाटली पुढे केली. चिंगीनं साहेबांच्याच पेनानं गल्ली लिहिली, सहा वाजून दहा मिनिटं लिहिलं.

"घड्याळ बघितलंस?"

"बघितलं."

"शाबास," मावशी म्हणाली. तिनं थेंब टाकले, थांबून नीट पाहिलं, आणि मगच खाली सही केली: पिण्यास अयोग्य.