सड्यावरची हाळी

कार्तिकातली पहाट फटफटली, तरी सह्याद्रीच्या माथ्यावरचा निवट्याचा सडा धुक्यातून वर आला नव्हता. कोसभर रुंद माळ, कमरेइतके गवत, ना वाट ना झाड. आणि पलीकडच्या कड्याखाली, दोन महिने गनिमाच्या वेढ्यात अडकलेला कांडेगड. गडावर एका दिवसापुरतीच बंदुकीची दारू उरली होती.

दारूचे बुधले पाठीवर बांधून हैबतराव नाईकांचे साठ मावळे सड्याच्या अलीकडच्या काठावर उभे होते. वाट दाखवायला होते धुळा धनगर आणि त्याची बायको ठकू.

धुक्यात सडा ओलांडायची धनगरांची रीतच होती. एकाने काठावरून हाळी देत राहायचे, दुसऱ्याने तो आवाज पाठीशी धरून सरळ चालायचे आणि पोचल्यावर उलट साद घालायची. ती साद ऐकू येईपर्यंत पहिल्याने जागा सोडायची नाही. सोडली तर पुढचा कड्यावरून गेलाच म्हणून समजा.

"गनिमाचं स्वार मागावर हैत," धुळा म्हणाला. "पोचलीस की बिगीनं साद दे. मंग मी रानात पसार."

"हूऽऽ" अशी हाळी उठली, आणि ठकूमागून साठ जण गवतात शिरले. अर्धा सडा ओलांडला असेल नसेल, तोच मागे घोडी खिंकाळली. तरीही हाळी थांबली नाही.

पलीकडच्या काठावर गडाकडे उतरणाऱ्या घळीचे तोंड सापडले. ठकूने साद घालायला हात तोंडाशी नेले, तसे नाईक हात जोडून समोर आले.

"ठकूबाई, साद गेली की गनिमाला ही घळ कळेल. माणसं उतरेपर्यंत थांबा. हुकूम करत नाही, विनवतो."

"आन् त्यो?"

नाईकांनी जोडलेले हात सोडले नाहीत. ठकूचे हात हळूहळू खाली आले.

एकेक मावळा घळीत उतरत होता. मागे धुळाचा आवाज घोगरा होत चालला, त्यात आरडाओरडा मिसळला. आणखी एकदा हाळी आली, अर्धवट तुटली, आणि सडा गप्प झाला. तेव्हा अजून नऊ जण उतरायचे होते.

गड वाचला. चौथ्या दिवशी वेढा उठला, आणि किल्लेदारांनी भर सदरेवर ठकूपुढे तबकात लुगडे आणि सोन्याचे कडे ठेवविले.

"गनीम अंगावर आला तरी धुळाजींनी जागा सोडली नाही. असा शूर पुरुष विरळा!"

ठकूने तबकाला हात लावला नाही.

"शूर न्हवता सरकार. लांडगं वरडलं तरी माज्यामागं दडायचा. मी पोचलेच न्हाई, आसं वाटलं त्याला, म्हनून थांबला."